काळविटांना आधीच लस देता येईल का? माळरानावरच्या नव्या रोगांची तयारी कुठून करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळच्या एका गावात निसर्गप्रेमी तरुणांचा गट आहे. 2022 मध्ये लंपीने गुरं मेलेली त्यांनी पाहिली, नंतर बर्ड फ्लूच्या बातम्या वाचल्या. आता त्यांना वाटतं की असाच एखादा रोग माळावरच्या काळविटांत किंवा लांडग्यांत शिरला तर? या प्राण्यांना आधीच लस टोचून ठेवता येईल का, आणि आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करायची?

रोग यायच्या आधी हा प्रश्न विचारलात, याचं मला मनापासून बरं वाटलं. मी पशुवैद्यक आहे. नोकरीची बहुतेक वर्षं याच जिल्ह्यातल्या दवाखान्यांत गेली, आणि वनविभागाने बोलावलं की मेलेली हरणं, लांडगे, पाखरं तपासायलाही जात आलोय. जे सांगतोय ते त्या कामातून आलेलं आहे. तुमच्या गावाची परिस्थिती थोडी वेगळी असेल, तिथे फेरफार करून घ्या.

लसीचं आधी सांगून टाकतो. मोकळ्या रानातल्या काळविटांना लस देण्याचा विचार सोडून द्या. काळवीट धरपकड सोसत नाही. जाळ्यात धरलं, पाय बांधले, की जीव वाचवण्याच्या धडपडीतच त्याचे स्नायू फुटायला लागतात, मग मूत्रपिंडं बसतात, आणि सोडताना धडधाकट दिसलेलं जनावर दोन-तीन दिवसांनी झुडपात मेलेलं सापडतं. याला आम्ही कॅप्चर मायोपॅथी म्हणतो. शिवाय बहुतेक लसींचा बूस्टर लागतो, म्हणजे तेच जनावर पुन्हा धरायचं. लांडग्याची अडचण वेगळी. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूरोगावर कुत्र्यांसाठी बनवलेली जिवंत लस (जिच्यात दुबळा केलेला विषाणू असतो) काही रानटी प्राण्यांवर उलटते; अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेट या मुंगसासारख्या छोट्या शिकारी प्राण्याला आणि लाल पांडांना लसीमुळेच डिस्टेंपर झाल्याची उदाहरणं आहेत. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून जास्त सिंह दगावले. तपासात डिस्टेंपरचा विषाणू आणि गोचिडांमधून येणारा बाबेसिया हा रक्तातला परजीवी सापडला. तेव्हा गुजरातने अमेरिकेतून वेगळ्या पद्धतीची सुरक्षित लस मागवून सिंहांना दिली. ते जमलं, कारण सिंह पकडण्यात मुरलेली पथकं, पिंजरे आणि बचाव केंद्रं तिथे आधीपासून होती. आपल्या माळावरचे लांडगे चार तालुक्यांत फिरतात आणि त्यातले अर्धे कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

युरोपात कोल्ह्यांच्या रेबीजवर तोंडातून द्यायची लस चालली, हेही खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये 1978 ला कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली होती. आपल्याकडे तसं आमिष टाकलं तर लांडग्याच्या आधी गावकुत्री ते फस्त करतील. म्हणून खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. उद्या कोणता रोग येणार हे कुणी सांगू शकत नाही, पण तो कुठून येणार हे बऱ्याच अंशी आजच सांगता येतं. तो गोठ्यातून येईल, गावकुत्र्यांकडून येईल, कोंबड्यांच्या शेडमधून येईल किंवा हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांबरोबर येईल. या वाटांवर काय करायचं हे ठरवता येतं. आणि पहिलं जनावर मेल्यावर पहिल्या दिवशी कोण काय करणार, हेही ठरवता येतं. तुमच्या आराखड्यात या दोन गोष्टी पक्क्या झाल्या तर बाकीचं नंतर भरता येईल.

गोठ्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त ताकद तिथेच आहे. जुन्या जाणत्यांना बुळकांडी आठवत असेल. गावंच्या गावं गुरांवाचून रिकामी करणारा तो रोग 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या भोवतीच्या गुरांना त्याची लस द्यायला सुरुवात झाल्यावर रानातल्या विल्डबीस्ट या मोठ्या हरणांमधली बुळकांडी 1960 च्या दशकात आपोआप थांबली. त्यांना कुणी सुई टोचली नव्हती. त्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती, ती पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत दहा लाखांच्या वर गेली. आता उलटं उदाहरण पाहा. मंगोलियात 2016 मध्ये शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर हा बुळकांडीच्याच कुळातला विषाणूरोग आला आणि काही महिन्यांतच तो सायगा नावाच्या हरणांत शिरला. त्या कळपांतली अर्ध्याहून जास्त हरणं गेली. सायगा आपल्या काळविटासारखंच मोकळ्या गवताळ रानातलं जनावर, आणि मेंढपाळांच्या कळपांबरोबर एकाच कुरणात चरणारं.

आपल्या माळावरही नेमकं हेच चित्र आहे. शेळ्या-मेंढ्या आणि काळविटं एकाच गवतात, एकाच पाणवठ्यावर असतात. पीपीआरची लस आपल्याकडे सहज मिळते आणि एकदा दिली की साधारण तीन वर्षं संरक्षण राहतं. म्हणून अभयारण्याभोवतीच्या प्रत्येक शेळी-मेंढीला पीपीआरची लस हे तुमच्या आराखड्यातलं पहिलं काम असू द्या. दरवर्षी नवी जन्मलेली कोकरं-करडं चार महिन्यांची झाली की त्यांना टोचायचं, एवढंच पुढे सांभाळायचं. घटसर्प, फऱ्या आणि आंत्रविषाराच्या लसी पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकूताची दर सहा महिन्यांनी. 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूताची लस मोफत आहे.

हे करायला कायद्याचा आधारही आहे, पण फारच कमी लोकांना तो माहीत असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 33-अ प्रमाणे अभयारण्यातल्या आणि त्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गुराढोरांना संसर्गजन्य रोगांच्या लसी देण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकांनी करायची आहे, आणि लस न दिलेली जनावरं अभयारण्यात चरायला नेता येत नाहीत. म्हणजे हे काम दोन खात्यांचं मिळून आहे. वनविभाग म्हणतो लस पशुसंवर्धनची, आणि पशुसंवर्धनचे लोक म्हणतात अभयारण्य वनविभागाचं. मधल्या मध्ये पाच किलोमीटरचा पट्टा राहून जातो. तुमच्या गटाने नकाशावर तो पट्टा आखून त्यातल्या गावांची आणि वस्त्यांची यादी दोन्ही कार्यालयांत एकाच दिवशी दिली, तरी मोठं काम होईल. आपली माळरानं मात्र सलग नाहीत. काळविटं मालकी रानात, पडीक शेतात, उसाच्या कडेला कुठेही असतात. पाच किलोमीटरच्या पट्ट्याबाहेरच्या अशा जागी 33-अ लागू होत नाही, तिथे गावाच्या सहकार्यावरच चालावं लागतं.

मेंढपाळांचं वेळापत्रक विसरलात तर लसीकरणाची मोहीम कागदावरच राहते. त्यांचे बरेच वाडे, म्हणजे माणसं-मेंढ्यांचे फिरते तळ, दिवाळीनंतर हलतात, काही कोकणाकडे जातात, आणि उन्हाळा संपता संपता परत येतात. डिसेंबरमध्ये शिबिर लावलं तर माळावर चार म्हाताऱ्या शेळ्या आणि राखणीला राहिलेली आजी सापडते. परतलेला वाडा पहिल्या पावसानंतर गावाजवळ बसतो, तेव्हा आपणच त्यांच्याकडे जायचं. पहाटे, मेंढ्या वाघरीतून (रात्री कोंडायच्या जाळीतून) सुटायच्या आत. एकदा मेंढ्या चरायला निघाल्या की दिवसभर कुणी थांबत नाही. त्यांना लसीचा धाक घालू नका, त्यांच्या भाषेत बोला. पीपीआर म्हटलं तर कुणी ओळखणार नाही. तोंडात फोड येतात, नाक वाहतं, हगवण लागते आणि करडं पटापट मरतात असं सांगितलं की म्हातारी माणसं लगेच मान डोलावतात आणि कोणत्या साली कुठल्या वाड्यात असं झालं होतं तेही सांगतात. ती माहिती वहीत लिहून घ्या.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक खास गोष्ट आहे, ती बाहेरचे आराखडे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. साखर कारखाने सुरू झाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन मराठवाड्यातून इकडे येतात. हजारो बैल एकदम जिल्ह्यात येतात आणि मार्चपर्यंत राहतात. त्याच सुमाराला पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेचा जनावरांचा बाजार भरतो, जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा. आणि त्याच महिन्यांत उजनी धरणाच्या पाण्यावर उत्तरेकडून पट्टकदंब आणि इतर बदकं उतरतात, रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही येतात. म्हणजे आपल्याकडे जनावरांची आणि पाखरांची सगळ्यात मोठी ये-जा एकाच हंगामात होते. मी आराखडा लिहायला बसलो तर वर्षाची सुरुवात जानेवारीत धरणार नाही, सप्टेंबरमध्ये धरीन. तोडीचे बैल जिल्ह्यात शिरायच्या आत स्थानिक जनावरांचं लसीकरण उरकलेलं पाहिजे, आणि टोळ्या जिथे तळ ठोकतात तिथे, कारखान्याच्या मदतीने, येताक्षणी बैल तपासले गेले पाहिजेत. लंपी भारतात 2019 मध्ये पहिल्यांदा दिसली आणि 2022 मध्ये महाराष्ट्रभर पसरली. चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांनी ती पसरतेच, पण बैल ट्रकमध्ये किंवा गाडीला जुंपून शंभर-दोनशे किलोमीटर जातो तेव्हा ती एका दिवसात तेवढं अंतर तोडते.

चांगलं चाललेलं लसीकरण मध्येच थांबवणं किती महागात पडतं, याचं एक उदाहरण मी प्रत्येक बैठकीत सांगतो. सायबेरियातल्या यामालमध्ये रेनडिअरना काळपुळीची (अँथ्रॅक्सची) लस देणं 2007 मध्ये बंद केलं गेलं, कारण बरीच वर्षं रोग दिसला नव्हता. 2016 च्या कडक उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली, जुने बीजाणू वर आले, दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एक लहान मुलगाही गेला. रोग दिसत नाही, तेव्हाच निधी कापला जातो. तुमच्या आराखड्यात लसीकरणाच्या ओळीपुढे दरवर्षीचा खर्च कोण करणार ते नाव घालून लिहा.

आता कुत्री. लांडग्यांच्या दृष्टीने मला हीच सगळ्यात मोठी काळजी आहे. इथिओपियात बाले पर्वतातल्या लांडग्यांत रेबीज पुन्हा पुन्हा पाळीव कुत्र्यांकडून आला, आणि 1990 च्या सुरुवातीच्या उद्रेकात काही भागातले बहुतेक लांडगे संपले. तिथे आता गुराख्यांच्या कुत्र्यांना लस देणं हेच लांडगे वाचवण्याचं काम मानलं जातं. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना रेबीजची लस असेल तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर तपासलेलं आहे. डिस्टेंपरचं इतकं सोपं नाही. 1994 मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक हजार सिंह डिस्टेंपरने मेले, म्हणजे तिथल्या सिंहांचा तिसरा हिस्सा. त्यानंतर भोवतीच्या कुत्र्यांना लस दिली गेली, तरी विषाणू इतर प्राण्यांत फिरत राहिला. म्हणून कुत्र्यांच्या लसीने सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे सुरुवात मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून करावी, कारण तीच लांडग्याच्या तोंडाला तोंड देतात, त्यांना मालक आहे आणि ती हातात येतात. रेबीजबरोबर डिस्टेंपर आणि पार्व्हो (कुत्र्यांतला हगवणीचा विषाणूरोग) यांची एकत्र लस द्या. ती रेबीजच्या लसीपेक्षा महाग पडते, तेवढ्यासाठी देणगीदार शोधा.

आणि कुत्री कशावर जगतात ते बघा. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर गिधाडं तासाभरात साफ करायची. ती गेली आणि तेच मांस कुत्र्यांच्या वाट्याला आलं. त्यात आता रस्त्याकडेच्या खड्ड्यांत फेकलेल्या कोंबड्यांची पोती आली. शेडमध्ये मर लागली की मालक रात्रीतून पोती भरून माळावर नेऊन टाकतो. तिथे कुत्री येतात, कोल्हे येतात, आणि लांडगेही येतात; पोत्यावरच्या ठशांवरून ते सहज कळतं. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, म्हणजे हा विषाणू मांस खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांना मारतो हे महाराष्ट्रातच सिद्ध झालंय. त्यानंतर लगेच 2025 च्या जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडला. माळाच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात एकही कोंबडी उघड्यावर टाकली जाणार नाही, हा ग्रामसभेचा ठराव मला कुठल्याही लसीइतकाच मोलाचा वाटतो. पण नुसता ठराव करून भागत नाही. पुरायला खोल खड्डा, चुना आणि जेसीबीचं भाडं यांची सोय ग्रामपंचायतीने केली नाही, तर पोती पुन्हा माळावरच येतील. शेडवाल्याला गुन्हेगार समजू नका. मर लागली हे त्याने आधी सांगितलं तर नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा राहतो, लपवलं तर तो आणि आपण दोघेही बुडतो, हे त्याच्यापर्यंत पोचवा.

आता दुसरी गोष्ट, पहिल्या दिवसाची. समजा, मे महिन्यात सकाळी सातला पाणवठ्यापासून थोड्या अंतरावर एक मादी काळवीट मेलेली दिसली. मी तिच्याजवळ थेट जात नाही. पंधरा-वीस पावलांवर थांबतो आणि आधी आजूबाजूला बघतो. पाय झाडल्याने माती उकरली गेलीय का, की आहे तशी कोसळलीय? जवळ मेलेली पाखरं, मेलेल्या माश्या आहेत का? असतील तर विषबाधेची शंका येते. शेतातलं फवारलेलं धान्य किंवा मुद्दाम टाकलेलं विष, दोन्ही आपल्याकडे होतं. मागच्या मांड्या फाटल्या आहेत का? तर कुत्र्यांनी पाठलाग केलाय. वर तार लोंबतेय का? मग जरा पुढे जाऊन नाक, तोंड आणि गुदद्वार बघतो. तिथून काळपट, न गोठलेलं रक्त येत असेल, पोट टम्म फुगलेलं असेल आणि अंग ताठरलेलं नसेल, तर काळपुळीची शंका घेऊन सगळे मागे सरकायचं. अशा जनावराला चाकू लावायचा नाही. पोट फाडलं की हवा लागून बीजाणू तयार होतात आणि ती जागा दशकानुदशकं रोगट राहते. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, कानावरची ती जागा डागायची, आणि काचपट्टी तपासेपर्यंत शव राखत बसायचं. डोळ्या-नाकातून चिकट पाणी, तोंडात फोड, मागे हगवण असेल तर मनात पीपीआर येतो. घसा सुजलेला असेल तर घटसर्प. पण हे मनातलं आहे. कागदावर जातो तो नमुन्याचा निकाल.

अंदाजाने किती मोठी दिशाभूल होऊ शकते हे गिधाडांनी शिकवलं. 1990 च्या दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं झपाट्याने संपत होती, तेव्हा बराच काळ एखाद्या विषाणूचा शोध चालू होता. 2004 मध्ये कळलं की मारेकरी डायक्लोफिनॅक आहे, गुरांना दिलं जाणारं दुखण्यावरचं औषध. भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आणली, पण तोपर्यंत नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास पक्षी गेले होते. म्हणून नव्या रोगाचा आराखडा लिहितानाही त्यात विष, औषध, उष्माघात, विजेचा धक्का या शक्यतांना जागा ठेवा. गुराला कोणतं इंजेक्शन दिलं होतं, हा प्रश्नसुद्धा पंचनाम्यात यायला हवा.

नमुन्याचं काम म्हणजे घड्याळाशी शर्यत. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, आणि सकाळी मेलेलं जनावर दुपारपर्यंत आतून सडतं. काळपुळीची शंका नसेल तर यकृत, फुप्फुस, प्लीहा, आतडं यांचे तुकडे दोन प्रकारे ठेवतात. बोटाच्या पेराएवढे तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, आणि तेच अवयव ताजे, बर्फात. पोटातला चाराही वेगळ्या बरणीत, विषाच्या तपासासाठी. पक्षी असेल तर घशातून आणि खालून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना विशेष द्रावणात घालतात. लेबल पेन्सिलने लिहायचं; पेनाची शाई स्पिरिट लागलं की पसरते आणि मग कोणती बरणी कुणाची हे कळत नाही. हे सगळं पुण्याच्या औंधमधल्या प्रादेशिक प्रयोगशाळेत जातं, आणि बर्ड फ्लूसारख्या रोगाची पक्की खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तुमच्या गटाने यातलं काहीही स्वतः करायचं नाही. काळवीट आणि लांडगा कायद्याने संरक्षित आहेत, मेलेल्या जनावराला हात लावण्याचा अधिकारही वनविभागाच्या परवानगीशिवाय नाही. तुमचं काम पाहणं, फोटो काढणं, जागा राखणं आणि फोन करणं. वनविभागाचा 1926 आणि पशुसंवर्धनचा 1962, हे दोन नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. बर्फाचा डबा, फॉर्मलिन, हातमोजे, काचपट्ट्या तालुक्याच्या दवाखान्यात तयार आहेत का, आणि रात्री नमुना पुण्याला कोण नेणार, कुठल्या गाडीने, डिझेलचे पैसे कोण देणार, हे मात्र तुम्ही आधीच विचारून ठेवा. बरेच नमुने रोग ओळखता न आल्याने वाया जात नाहीत. गाडी न मिळाल्याने जातात.

पाणवठ्यांबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात टँकरने भरल्या जाणाऱ्या बशीवजा पाणवठ्यांवर रात्री लांडगा, पहाटे काळवीट आणि दिवसा मेंढ्या येतात. मेंढ्यांसाठी गावाजवळ वेगळा हौद बांधा. रानातले पाणवठे जोडीने ठेवा, एक भरलेला असताना दुसरा रिकामा करून घासून आठवडाभर उन्हात वाळवा. आपल्याकडचं ऊन फुकटचं जंतुनाशक आहे. रोगाची लक्षणं दिसल्यावर घाईने पाणवठा बंद करू नका. जनावरं मग एकाच उरलेल्या पाण्यावर गर्दी करतात आणि रोग आणखी पसरतो.

वहीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखा गट हेच काम सगळ्यात चांगलं करू शकतो. माकडताप आठवा. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो ओळखला गेला, 2016 पासून सिंधुदुर्गातही दिसतो. रानात माकडं मरायला लागणं ही तिथे माणसांसाठी पहिली सूचना असते. पण ती सूचना कुणी नोंदवली तरच उपयोगी. आपल्या माळावर एरवी, रोग नसताना, महिन्याला किती हरणं मरतात हे आज कुणालाच ठाऊक नाही. ते माहीत नसेल तर जास्त मेली हे कशावरून म्हणायचं? म्हणून साध्या वहीत तारीख, जागा, कोणतं जनावर, नर की मादी, अंदाजे वय, शवाची अवस्था आणि एक फोटो, एवढं लिहीत जा. मेलेला प्राणी दिसला नाही त्या आठवड्यातही शून्य लिहा. वर्षभरात तुमच्या हाती अशी गोष्ट येईल जी सरकारी कार्यालयातही नसते. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की एकाच आठवड्यात, एकाच भागात, एकाच जातीचे दोनपेक्षा जास्त प्राणी विनाजखमेचे मेलेले सापडले तर कारण माहीत नसतानाही धावपळ सुरू करावी. कावळ्यांच्या बाबतीत हा आकडा वेगळा ठेवा. तलावाकाठी एका सकाळी चार-पाच कावळे पडलेले दिसले तरी पुरे.

काही गोष्टी कुठल्याही आराखड्याच्या हातात नसतात, हेही मान्य करू. 2015 मध्ये कझाकस्तानात दोन लाखांहून जास्त सायगा काही आठवड्यांत मेले. आपल्या घटसर्पाचाच जंतू होता, एरवी त्यांच्या घशात निरुपद्रवी राहणारा. हवा अचानक उबदार आणि दमट झाली आणि तो उलटला. तिथे कुणी काही करू शकलं नसतं. पण वैज्ञानिक वेळेवर पोचले, नमुने ताजे मिळाले, म्हणून निदान कारण तरी कळलं. आपल्याकडे दुष्काळात चारा छावण्या लागतात, तेव्हा जनावरांची गर्दी होते. अवकाळी पावसानंतर चिलटं वाढून मेंढ्यांत नीलजिव्हा येते. अशा वर्षी वहीकडे जास्त लक्ष द्या.

किती जमेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. तालुक्याला पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे की रिकामी, गावाजवळ शेड किती, कुत्र्यांना मालक आहेत की नाहीत, आणि वनपाल तुमचा फोन उचलतो की नाही. शेवटची गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्या अनुभवात तिचा वाटा सगळ्यात मोठा आहे. म्हणून ऑगस्टमध्ये एकदा वनरक्षक, पशुवैद्यक, सरपंच, एक-दोन शेडवाले आणि मेंढपाळांपैकी कुणी ज्येष्ठ, यांना एकत्र बसवा. एक खोटा प्रसंग घ्या: आज रविवार, पाणवठ्यावर तीन काळविटं मेली आहेत, कोण कुणाला फोन करणार? तासाभरात कळेल कुठे अडतंय. बाहेर बोलायला एकच माणूस नेमा, आणि निकाल यायच्या आत रोगाचं नाव व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही हे सगळ्यांकडून कबूल करून घ्या. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा रोगाबरोबर भीतीनेही कोंबडीचा धंदा बसवला होता, आणि एकदा पोळलेला शेडवाला पुढच्या वेळी मर सांगत नाही.

यंदा एवढंच करा: पाच किलोमीटरच्या पट्ट्याचा नकाशा, शेळ्या-मेंढ्यांची पीपीआर, मेंढपाळांच्या कुत्र्यांची लस, कोंबड्यांच्या पोत्यांसाठी खड्डा आणि वही. माळावर नियमित फिरणाऱ्या प्रत्येकाने आधीच घ्यायची रेबीजची लस टोचून घ्या, चावा होईपर्यंत वाट पाहू नका. मेलेल्या पाखरांजवळ गेलेल्या कुणाला पुढच्या दहा दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात त्या पाखरांबद्दल सांगा. नाहीतर ते साधा फ्लू समजून गोळी देतील. तुमचं गाव कोणत्या तालुक्यात येतं आणि जवळचा दवाखाना कोणता, ते लिहिलंत तर मोहिमेचं वेळापत्रक कसं आखायचं ते पुढच्या उत्तरात सांगतो.